मण्यावरचा ठिपका गोल का राहत नाही?

प्रश्न : मी लॅम्पवर्क पद्धतीने, म्हणजे टॉर्चच्या ज्योतीत काच वितळवून, काचेचे मणी करते. मणी आता बऱ्यापैकी गोल आणि दोन्ही टोकांना सारखे येतात, पण त्यांवर ठिपके द्यायला घेतले की सगळे बिनसते. काही ठिपके लांबट होतात, काहींना शेपूट राहते, एकाच रांगेतले ठिपके लहानमोठे दिसतात आणि वितळवून सपाट केल्यावर त्यांचे चक्क चौकोन होतात. दोन मण्यांवरचे उठावदार ठिपके तर मणी गार झाल्यावर निखळून पडले. ज्याला विचारावे तो ‘हात स्थिर ठेवा’ एवढेच सांगतो. माझ्याकडे नुसत्या गॅसवर चालणारा, ऑक्सिजनची जोड नसलेला टॉर्च आहे. तो बदलावा का? आणि बिघडलेले ठिपके दुरुस्त करता येतात का?

उत्तर : टॉर्चच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो, कारण त्यात पैसे गुंतलेले आहेत. केवळ ठिपक्यांसाठी टॉर्च बदलण्याची गरज नाही. नुसत्या गॅसवर चालणाऱ्या टॉर्चची ज्योत पसरट आणि तुलनेने मंद असते, त्यामुळे मोठा मणी तापायला वेळ लागतो हे खरे. परंतु ठिपक्यासाठी जी उष्णता लागते ती दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या काचेच्या काडीच्या टोकापुरती लागते आणि तेवढी कोणताही टॉर्च देतो. ऑक्सिजनच्या जोडीने मिळणारी तीव्र ज्योत अनुभवी हाताला सोयीची ठरते, पण शिकताना तीच ज्योत बारीक टोक पाहता पाहता उकळवून काचेत बुडबुडे आणते. तुमच्या टॉर्चचा मंदपणा सध्या तुमच्या फायद्याचाच आहे.

‘हात स्थिर ठेवा’ हा सल्ला चुकीचा नाही, मात्र त्याने तुमची अडचण सुटणार नाही. वितळलेल्या काचेवर पृष्ठताणाचा अंमल चालतो. काचेचा लहानसा गोळा पुरेसा तापला आणि त्याला कोणी ओढत किंवा ढकलत नसले, तर तो आपण होऊन कमीत कमी पृष्ठभागाचा, म्हणजे गोल आकार घेतो. गोल होण्याचे काम काच स्वतःच करणार असते. तिला त्यात आडवे येणाऱ्या गोष्टी दूर ठेवणे एवढेच तुमच्याकडे उरते. मण्याचा पृष्ठभाग मऊ असणे, काडी तिरकी टेकणे आणि काडी सुटताना काच ओढली जाणे या त्या गोष्टी होत. पत्रातल्या वर्णनावरून माझा असा समज झाला आहे की, तुम्ही ठिपका देता तेव्हा मणी हवा त्यापेक्षा गरम असतो आणि काडीचे टोक हवे त्यापेक्षा थंड असते. हे नेमके उलटे व्हायला हवे. मऊ मण्यावर घट्ट टोक टेकले तर टोक आत रुतते, मण्याची काच बाजूला सरकते आणि काडी उचलताना ठिपका व मणी दोन्ही तिच्याबरोबर ओढले जातात. घट्ट मण्यावर पातळ टोक टेकले तर मणी जागचा हलत नाही आणि टोकाची काच चहूबाजूंनी सारखी पसरते. हे साधले की हाताचा किंचितसा कंप ठिपक्यात उमटत नाही.

ठिपक्यांचे लहानमोठेपण मात्र वेगळ्या कारणाने येते आणि त्याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. गोळ्यातली काच त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्यात जेवढी काच असते, तिच्या जवळजवळ दुप्पट काच अडीच मिलिमीटरच्या गोळ्यात असते. ज्योतीत लकाकणाऱ्या टोकावर अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना कळत नाही, पण दोन ठिपके शेजारीशेजारी बसून सपाट झाले की तो लपत नाही. म्हणून गोळ्याचा आकार जोखत बसण्यापेक्षा काडीची किती लांबी वितळून गोळा झाली, याकडे लक्ष ठेवावे. २ मिलिमीटर जाडीच्या काडीचा साधारण २.६ मिलिमीटरचा तुकडा गोळा झाला की अडीच मिलिमीटरचा गोळा तयार होतो. ३ मिलिमीटरच्या गोळ्यासाठी साडेचार मिलिमीटर लांबी खर्ची पडते. गोळ्याच्या व्यासापेक्षा लांबीतला फरक कितीतरी ठळक असल्यामुळे तो काम चालू असतानाही हेरता येतो.

हा हिशेब जमण्यासाठी काडी एकाच जाडीची असली पाहिजे. येथे काडी म्हणजे स्ट्रिंगर, अर्थात पाच-सहा मिलिमीटरच्या जाड कांडीतून ओढून काढलेली बारीक काडी. ती एका टोकाला २ आणि दुसऱ्या टोकाला १.६ मिलिमीटर असेल, तर सारखीच लांबी वितळवूनही बारीक टोकाकडच्या ठिपक्यात जाड टोकाच्या ६४ टक्केच काच येईल. स्ट्रिंगर ओढताना कांडीच्या टोकावर गोळा जमवून तो आतपर्यंत सारखा तापवावा, ज्योतीबाहेर काढून दोन-तीन क्षण थांबावे आणि पृष्ठभागाला किंचित साय धरल्यासारखी वाटली की मग संथपणे ओढायला लागावे. घाईने ओढलेली काडी मध्येच केसाइतकी बारीक होते. ओढून झाल्यावर काडी कडक होईपर्यंत दोन्ही हात ताणलेलेच ठेवावेत, नाहीतर ती धनुष्यासारखी वाकते आणि वाकड्या काडीचा नेम कधीच धरता येत नाही. दोन्ही टोकांकडचा निमुळता भाग ठिपक्यांसाठी वापरू नये. उरलेल्या काड्या कॅलिपरने मोजून जाडीप्रमाणे वेगळ्या ठेवण्याचा खटाटोप अनेकांना अनावश्यक वाटतो. मला मात्र तो टॉर्चसमोरच्या निम्म्या मनस्तापातून सोडवणारा वाटतो. एक रांग पूर्ण होईपर्यंत काडी बदलावी लागणार नाही, एवढी लांबी हाताशी असावी.

ठिपक्यांना हात घालण्यापूर्वी मणी पूर्ण झालेला असावा. तो मॅन्ड्रेलभोवती, म्हणजे ज्या लेप दिलेल्या धातूच्या सळईवर मणी घडवतात तिच्याभोवती, सगळीकडून सारखा नसेल, तर त्याला गोल करण्यासाठी पुन्हा तापवावे लागेल आणि त्यात ठिपके वाहून जातील. मणी आकाराला आला की त्याला ज्योतीबाहेर काढा आणि त्याची लाली पूर्णपणे मावळेपर्यंत फिरवत राहा. लाली गेली म्हणजे मणी गार झाला असे होत नाही. तो अजून कित्येकशे अंश सेल्सिअसवर असतो आणि ठिपका स्वीकारण्याइतका तयार असतो. यापुढे त्याला फार वेळ ज्योतीबाहेर ठेवले तर पुन्हा ज्योतीत नेताना तो तडकेल, म्हणून एक-दोन ठिपके झाले की मणी ज्योतीच्या टोकाकडच्या सौम्य भागातून फिरवून आणायचा. त्याला ऊब मिळावी, पण लाली पुन्हा येऊ नये, एवढीच ही फेरी असते.

डोळ्यांवर डिडिमियमचा चष्मा असायलाच हवा. सोडा-लाइम काच ज्योतीत शिरली की तिच्यातल्या सोडियममुळे पिवळा झगमगाट उठतो. त्याचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो आणि डिडिमियमची काच नेमका तोच शोषून घेते. हा चष्मा नसेल तर डोळ्यांना त्रास होतोच, शिवाय ठिपक्याची कड मण्याला कोठे भिडली हे दिसतच नाही, आणि पुढचे सगळे त्या कडेवर अवलंबून आहे.

आता प्रत्यक्ष ठिपका. दोन्ही कोपर टेबलाला टेकवा. मणी ज्योतीच्या अगदी खाली, पण तिच्याबाहेर धरा. स्ट्रिंगरचे टोक ज्योतीच्या कडेवर न्या. मध्यभागी नेऊ नका. टोकाच्या धारा आधी बोथट होतील, मग टोक आखडून वर सरकेल आणि त्याचा केशरी गोळा बनेल. गोळा खाली झुकू लागला तर तो गरजेपेक्षा पातळ झाला आहे. अशा वेळी काडी बोटांत फिरवून त्याला सावरा. गोळा झुकण्याच्या बेतात आहे पण अजून झुकलेला नाही, हीच टेकवण्याची वेळ. आता स्ट्रिंगरची रेघ मनात पुढे वाढवून पाहा. ती मण्याच्या केंद्रातून गेली पाहिजे. मण्याच्या मधल्या रांगेवर हे आपसूक साधते, परंतु भोकाकडच्या उतरत्या भागावर काडी त्या उताराला काटकोनात राहील अशी कलवावी लागते. बहुतेक जण तेथेही ती मधल्या रांगेसारखीच धरतात आणि म्हणून कडेच्या रांगेतले ठिपके हमखास भोकाच्या दिशेने लांबतात. तुमचे लांबट ठिपके मण्याच्या कोणत्या भागात आहेत, ते पाहा. माझा अंदाज आहे की त्यांतले बरेचसे तेथेच सापडतील.

गोळा टेकला की त्याचा मधला बिंदू आधी चिकटतो आणि मग काच मध्यापासून कडेकडे पसरत जाते. टोक गोल असणे त्यासाठीच गरजेचे आहे. सपाट किंवा अर्धवट वितळलेले टोक टेकले तर कडा आधी चिकटतात, मधली हवा कोंडली जाते आणि पुढे ठिपका वितळवताना ती बुडबुडा होऊन वर येते. गोळा टेकल्यावर अगदी हलकेच दाबा. दाब एवढाच हवा की गोळ्याची कड काडीपेक्षा थोडी बाहेर आलेली दिसावी. मग थांबा. हा थांबा फार थोडा असतो, पण तो गाळला तर बाकीची मेहनत वाया जाते. या अवधीत मण्याला टेकलेली बाजू मण्याला उष्णता देऊन घट्ट होते आणि काडीकडची बाजू मात्र मऊ राहते. ठिपक्याची केशरी झाक कडेकडून विझू लागलेली दिसली की काडी सरळ मागे, ज्या रेषेत आली त्याच रेषेत, मिलिमीटरभर घ्या. ठिपका आणि काडी यांच्यामध्ये बारीक मान तयार होईल. ती मान ज्योतीच्या खालच्या कडेला लावा आणि ज्योतीला ती वितळवून तोडू द्या.

शेपूट राहते ते या शेवटच्या हालचालीत. मान तुटेपर्यंत धीर न धरता काडी झटक्याने मागे ओढली की काचेची तार निघते, ती लांबत जाते आणि मण्यावर आडवी पडते. तार पडली नाही तरी ओढ ठिपक्याच्या एका बाजूवर बसते. त्यामुळे मान तुटली पाहिजे ती उष्णतेने, हाताच्या जोराने नाही. एवढे करूनही ठिपक्यावर एक लहानसे टोक उरतेच आणि ते उरले म्हणून काही बिघडत नाही. मणी किंचित वर उचलून फक्त त्या ठिपक्याचा माथा ज्योतीच्या कडेला दाखवला की टोक आत ओढले जाते आणि माथा गोलावतो. काही कारागीर काडी थंड होऊ देऊन ती मोडून वेगळी करतात. मला ती पद्धत बारीक ठिपक्यांखेरीज कोठेच पसंत नाही, कारण मोडलेल्या जागी टोकदार कपची राहते आणि ती वितळवण्यात वाचवलेला वेळ निघून जातो.

तुमच्या निखळलेल्या ठिपक्यांचे कारण त्यांच्या कडेत शोधायला हवे. नुसता टेकलेला ठिपका अळूच्या पानावरच्या थेंबासारखा असतो. त्याची कड मण्यापासून आत वळलेली असते आणि त्याचा आधार त्याच्या रुंदीहून लहान असतो. असा ठिपका दिसायला देखणा असला तरी त्या आतल्या खाचेत ताण एकवटतो आणि गार होताना किंवा नंतर धक्का लागल्यावर तो सुटतो. म्हणून ठिपका उठावदार ठेवायचा असला तरी त्याला इतकी उष्णता द्यावी की खाच भरून येईल आणि त्याची कड मण्याच्या पृष्ठभागावर उतरती होऊन भिडेल. ठिपका अर्धगोलापर्यंत बसला की बहुतेक वेळा तेवढे पुरते. २ मिलिमीटरचा गोळा अर्धगोल झाला की साधारण अडीच मिलिमीटर रुंद होतो, हे रांग आखताना आधीच जमेस धरावे.

निखळलेल्या जागेकडे भिंगातून पाहा. तेथे मण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर ठिपका नीट जुळलाच नव्हता, म्हणजे टोक थंड होते किंवा मणी फार गार झाला होता. उलट ठिपक्याबरोबर मण्याचा पापुद्राही निघाला असेल आणि तडा ठिपक्याभोवती वळून मण्यात उतरला असेल, तर दोन काचा एकमेकींना चालणाऱ्या नसण्याची शक्यता अधिक आहे. तापल्यावर काच किती प्रसरण पावते हे सांगणारा प्रसरणांक दोन्ही काचांचा जुळावा लागतो. इटलीतल्या मुरानोची परंपरा असलेल्या, मणी करणाऱ्यांत सर्वाधिक चालणाऱ्या मऊ काचेचा अंक १०४ असतो, बोरोसिलिकेट काचेचा ३३ च्या आसपास, आणि ९० अंकाची काचही बाजारात मिळते. यांची सरमिसळ केली तर ठिपका कितीही सुबक असला तरी टिकणार नाही. कांड्यांवर चिठ्ठी नसेल तर त्या एकत्र ठेवूच नका.

दोन्ही कारणे नसतील तर अ‍ॅनीलिंग, म्हणजे काचेतला ताण घालवण्यासाठी मणी भट्टीत ठेवून संथपणे गार करणे, तपासा. १०४ अंकाच्या काचेचे मणी ५०० ते ५२० अंश सेल्सिअसवर भट्टीत काही काळ ठेवून मग संथपणे उतरवावे लागतात. उठावदार ठिपक्यांच्या मण्यांची जाडी सगळीकडे सारखी नसल्यामुळे त्यांना हा अवधी साध्या मण्यांहून थोडा जास्त द्यावा. व्हर्मिक्युलाइट या हलक्या, उष्णतारोधक खनिजात किंवा तापवलेल्या सिरॅमिक लोकरीत पुरून ठेवल्याने मणी हळू गार होतो, पण त्याने अ‍ॅनीलिंग होत नाही.

रांग सरळ येण्याबद्दल तुम्ही वेगळे विचारलेले नाही, परंतु ठिपके गोल येऊ लागले की लगेच तीच तक्रार होणार आहे. एकापाठोपाठ एक असे ठिपके देत मण्याभोवती फिरू नये, कारण प्रत्येक अंतरातली थोडी थोडी चूक शेवटच्या फटीत जमा होते. पहिला ठिपका दिल्यावर दुसरा त्याच्या बरोबर समोर द्यावा, मग त्या दोघांच्या मध्ये दोन्हीकडे एकेक, आणि आठ हवे असतील तर पुन्हा मध्ये एकेक. दर वेळी मॅन्ड्रेल समोरून, म्हणजे त्याच्या टोकाच्या बाजूने पाहून मग ठिपका द्यावा. मॅन्ड्रेलच्या हातातल्या, गार राहणाऱ्या भागावर मार्करने चार उभ्या रेघा काढून ठेवल्या तर समोरासमोरच्या जागा अंदाजाने शोधाव्या लागत नाहीत. सहा ठिपके मात्र या निम्म्या-निम्म्या पद्धतीत बसत नाहीत. त्यासाठी सहा रेघांचा वेगळा मॅन्ड्रेल ठेवा. आधी मधली रांग पूर्ण करून कडेच्या रांगा तिच्या फटींवर द्याव्यात.

चौकोनांचा प्रश्न सर्वांत रंजक आहे, कारण तेथे तुमच्या हातात दोष नाही. दोष मोजमापात आहे. मण्याचा व्यास १५ मिलिमीटर असेल तर त्याचा परीघ सुमारे ४७ मिलिमीटर भरतो. त्यावर आठ ठिपके दिले तर एका मध्यापासून दुसऱ्या मध्यापर्यंत जवळजवळ ६ मिलिमीटर अंतर मिळते. बारा दिले तर ते ४ मिलिमीटरच्याही आत येते. अडीच मिलिमीटरचा गोळा वितळून मण्यात मुरला की समजा ४ मिलिमीटर रुंद झाला. आठ ठिपक्यांत मग दोघांमध्ये २ मिलिमीटर जागा उरते आणि प्रत्येक जण गोल राहतो. बारा ठिपक्यांत शेजाऱ्यांच्या कडा एकमेकींना भिडतात, आणि भिडलेल्या दोन मऊ काचांची सीमा सरळ होते. रांगा एकाखाली एक असतील तर या सरळ सीमांचे चौकोन होतात, फटींवर असतील तर षट्कोन होतात. कित्येक कारागीर हेच मुद्दाम करून जाळीची नक्षी काढतात. तुम्हाला गोल ठिपके हवे आहेत, तेव्हा ठिपक्यांची संख्या कमी करा किंवा बारीक स्ट्रिंगर घ्या. कच्च्या ठिपक्यांमधली फट डोळ्यांना जास्तच मोकळी वाटली पाहिजे, एवढी सोडा.

वितळवण्याची रीतही आकारावर परिणाम करते. मणी आतपर्यंत पातळ होऊ देऊ नये. काम पृष्ठभागावरच व्हावे. गाभा मऊ झाला की मॅन्ड्रेल फिरते आणि वरची काच मागे राहते, त्यामुळे रांग तिरकी होते. आधी प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे ज्योतीच्या कडेला दाखवून बसवून घ्यावा, मग सगळा मणी ज्योतीच्या पसरट भागात संथ आणि एकसारखा फिरवावा, आणि ठिपक्यांचा उंचवटा कडेने पाहिल्यावर दिसेनासा होऊ लागला की बाहेर काढून फिरवत राहावे. घाई असेल तर ग्रॅफाइटच्या पॅडलने ठिपका हलकेच चेपून घेता येतो. पॅडल मात्र ठिपक्याला समांतर टेकले पाहिजे, कारण तिरका दाब पुन्हा लंबगोल देतो.

रंगांचा स्वभाव ओळखून घ्यायला हवा. १०४ अंकाच्या काचेत अपारदर्शक पांढरा आणि हस्तिदंती हे रंग मऊ असतात आणि कडेने पसरतात. पारदर्शक रंग बहुधा अधिक घट्ट असतात आणि आपली कड सांभाळतात. पांढरा ठिपका त्यामुळे अंमळ लहान द्यावा. पारदर्शक रंगाचा ठिपका गडद मण्यावर दिला तर तो अदृश्यच होतो, म्हणून त्याच्याखाली आधी पांढरा ठिपका देऊन तो सपाट करावा आणि त्याच्या मधोमध पारदर्शक ठेवावा. वरच्या ठिपक्याभोवती पांढरी कड राहील एवढा तो लहान हवा. थरावर थर देऊन डोळ्यासारखे ठिपके करण्याची ही कल्पना फार जुनी आहे. चीनमधल्या इसवी सनपूर्व ४७५ ते २२१ या ‘लढत्या राज्यांच्या’ काळातील मण्यांवर असे अनेक थरांचे डोळे आढळतात. प्रत्येक थर पूर्ण बसल्याखेरीज पुढचा देऊ नये, एवढे पथ्य पाळले की हे काम दिसते तितके अवघड नाही. हस्तिदंती रंगावर फिरोजी ठिपका दिला की मात्र कडेला काळपट रेघ उमटते. हस्तिदंतीतले गंधक आणि फिरोजीतले तांबे यांची ती रासायनिक क्रिया असते, तुमचा हात त्याला जबाबदार नसतो. रेघ नको असेल तर ही जोडी टाळावी.

सरावासाठी काळा मणी आणि पांढरी स्ट्रिंगर घ्या. या जोडीत कोणताही दोष लपत नाही आणि पांढरी काच मऊ असल्याने दोष वाढूनच दिसतो. सरावाचे ठिपके वितळवू नका. उठावदार अवस्थेत ठिपका पाहिला तर तो टेकवताना बिघडला की काडी सोडताना, हे कळते; सपाट केल्यावर तो पुरावा नाहीसा होतो. लांबट ठिपका भोकाच्या दिशेने लांबला असेल तर काडीचा कल चुकला, मणी फिरण्याच्या दिशेने लांबला असेल तर ठिपका बसण्याआधीच मणी फिरवला गेला.

आता दुरुस्ती. मणी अजून मॅन्ड्रेलवर गरम असेल तर बऱ्याच गोष्टी सावरता येतात. किंचित लंबगोल ठिपक्याचा लांबलेला भाग तेवढाच ज्योतीच्या कडेला दाखवला की पृष्ठताण त्याला आत ओढतो. ठिपका जागेवरून थोडा सरकला असेल तर फक्त ठिपका मऊ करून टंगस्टनच्या अणकुचीदार सळईने त्याला कडेकडून ढकलता येते, परंतु मण्याची काच मऊ झाली असेल तर हा प्रयत्न करू नये. थरांचे काम असेल तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे वरचा ठिपका थोडा मोठा देऊन खालच्याची वाकडी कड झाकून टाकणे, आणि यात फसवणूक काही नाही. अगदीच बिघडलेला ठिपका काढून टाकायचा असेल तर तेवढाच तापवावा, त्याला गार कांडीचे टोक चिकटवावे आणि काच थोडी वर ओढून ज्योतीत मान तोडावी. दोन-तीनदा असे केले की बहुतेक रंग निघतो, उरलेला खड्डा मण्याच्याच रंगाने भरावा.

गार झालेल्या मण्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला थेट ज्योतीत नेले तर तो तडकून तुकडे उडतील. भट्टीत हळूहळू अ‍ॅनीलिंगच्या तापमानापर्यंत चढवून, नव्याने लेप दिलेल्या आणि तापवलेल्या मॅन्ड्रेलवर त्याला घेता येते, पण मणी मॅन्ड्रेलवर घट्ट बसत नाही, लेप सोलला जातो आणि ठिपका सरळ करताना भोकाची कड बिघडते. एखादा मोठा, अनेक थरांचा मणी असेल तर हा उद्योग समजण्यासारखा आहे. तुमच्या पत्रातल्या साध्या मण्यांसाठी तो करू नये. तेवढ्या वेळात त्याच रंगांचे नवे मणी होतील. निखळलेल्या ठिपक्यांचे दोन मणी मात्र टाकून देऊ नका. त्यांच्या जागा भिंगातून तपासल्याखेरीज आणि त्या कांड्यांचा अंक कळल्याखेरीज, त्याच दोन रंगांची जोडी पुन्हा ज्योतीवर घेऊ नका.